कुसळांचा हिशेब

माघातली सकाळ. बालवाडीला कुलूप लावलं
आणि जनवाडीच्या मागून, अकरा पोरं घेऊन
वेताळ टेकडी चढले.
कुलपाआड तक्ता राहिला, एक ते वीस,
प्रत्येक आकड्याशेजारी तितकी सफरचंदं.

खाणीच्या कडेला बसलो, आणि एकच गिल्ला:
"बाई, टोचतंय!"
फ्रॉकला कुसळं, चड्डीला कुसळं,
यल्लेशच्या मोज्यांना तर मिशा फुटलेल्या.
"काढा," म्हटलं, "पण फेकू नका.
आपापल्या पुढ्यात रचा."

यल्लेश तिसापर्यंत गेला आणि परत विसावर आला,
कारण वीस त्याला आवडतो.
अंबूला सातानंतर थेट अकरा लागतात,
म्हणून तिने मोजलंच नाही.
त्याच्या ढिगातलं एक, आपल्यातलं एक,
जोडीजोडीने बाजूला सारत गेली.
त्याचा ढीग संपला. तिचा उरला.
"माझं जास्त."

सगळ्यांत तिचंच जास्त निघालं.
का गं बाई?
"तिचा फ्रॉक खरबरीत हाय."
दोघांनी फ्रॉक चोळून पाहिला. नव्हता.
मग बराच वेळ कुणी बोललं नाही,
खाणीतल्या पाण्यावरून एक टिटवी ओरडत गेली.

हुलगेश उठला, गवतात जाऊन उभा राहिला.
गवत त्याच्या कमरेशी.
अंबूला ओढून शेजारी उभं केलं.
गवत तिच्या हनुवटीशी.
"बाई, ती बुटकी हाय.
म्हणून गवताला ती सगळीच्या सगळी घावली."

हे मी शिकवलेलं नाही.

मग एक कुसळ तळहातावर ठेवून
थुंकीचा थेंब लावला.
शेपटीचा पीळ सुटू लागला,
टोक गोल गोल फिरलं.
"घड्याळ!"
"घड्याळ न्हाई," अंबू म्हणाली, "गिरमिट.
मातीत भोक पाडायला."
तिचा आजा याच खाणीत
सुरुंगाची भोकं पाडायचा.

उतरताना म्हण सांगितली:
दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं,
आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही.
रेणी थबकली. "मुसळ केवढं असतंय?"
मी दोन्ही हात फाकवले.
तिने ते तसेच धरून
माझ्या डोळ्याशी आणले.
"मावत न्हाई, बाई."

रात्री पर्यवेक्षिकांचा फॉर्म भरायला घेतला.
रकाना चौथा: एक ते वीस गणन,
येते / येत नाही.
अंबूच्या नावापुढे पेन अडलं.
पदराच्या काठात काहीतरी टोचत होतं,
चिमटीने काढलं, ओल्या बोटाने
फॉर्मवर ठेवलं.

'येत नाही'वरून ते निघालं,
हळूहळू 'येते'पाशी पोचलं,
आणि वाळता वाळता
आल्या वाटेने परत फिरलं.

रकाना कोराच ठेवलाय.
उद्या शाळेत वाटीभर पाणी न्यायचंय,
अकरा बोटं बुडतील एवढी वाटी.