बाकाचा रंग

मंगळवारी संध्याकाळी सातला सभा सुरू.
सातांपैकी सहा सदस्य हजर.
ऑर्विल निस्कानेनची गाय अडली होती;
त्याने फोनवर दिलगिरी सांगितली,
मागून हंबरणं ऐकू येत होतं.
'सकारण अनुपस्थित,' मी लिहिलं.
बावीस वर्षं या काउंटीची इतिवृत्तं लिहिते आहे.
गाय लिहायची नसते.

विषय एक : तळ्याकाठच्या बागेतलं नवं बाक.
हिरवं की तपकिरी?
डोरीन म्हणाली, हिरवं गवतात हरवेल.
टॉर्गेसन म्हणाले, बाक काय पळून जाणार आहे?
रंगांच्या नमुन्याच्या पट्ट्या हातोहात फिरल्या,
दिव्याखाली, मग खिडकीपाशी.
बाहेर नोव्हेंबर,
सगळ्यांचा एकच रंग.
बेचाळीस मिनिटं.
तपकिरी. चार विरुद्ध दोन.

विषय दोन : बागेच्या ठेकेदाराकडच्या माणसांची मजुरी.
ताशी चौदा डॉलर, ती साडेसतरा व्हावी असा अर्ज.
बेनिसियो आर्रिएता उभा राहिला, टोपी हातात.
बोलायला तीन मिनिटं मिळतात. घड्याळ माझ्याकडे.
त्याने मजुरीचं काढलंच नाही.
सांगत बसला,
की पश्चिमेच्या उतारावर गांधीलमाश्यांनी
जमिनीत घर केलंय,
तिथे तो यंत्र बंद करतो, हाताने कापतो,
पोरं अनवाणी धावतात म्हणून काठीला लाल फडकं बांधतो,
उन्हाने ते विटतं, दर जूनला नवं लागतं.
आणि झोपाळ्याची उजवी साखळी बघा एकदा,
वरून तिसरी कडी.
दोन मिनिटं पन्नास सेकंद.
दहा सेकंद उरली.
ती कोणीच मागितली नाहीत.

पुढच्या अंदाजपत्रकापर्यंत तहकूब.
घोंगडं भिजत पडलं,
आणि आमच्याकडे भिजलेलं काहीही
एप्रिलपर्यंत फळीसारखं गोठून राहतं.

विषय तीन : चार चौफुल्यांवरच्या निळ्या पेट्या.
काच, पत्रा, कागद. वर्षाचा खर्च अठ्ठावीस हजार.
लोक त्यात काय वाट्टेल ते टाकतात,
रंगाचे डबे, लंगोट, एकदा हरणाचं मुंडकं.
शहरात गाडी दारात येते.
इथे एका दारापासून दुसरं दार दीड मैल.
आऊने राउतिओ, वय एक्क्याऐंशी,
दर शनिवारी पेटीपाशी खुर्ची टाकून बसते,
तिला कोणी नेमलेलं नाही.
ती उभी राहिली नाही, बसूनच बोलली :
"न्या पेट्या.
पण गॉर्डनच्या बाटल्या मग कोण मोजणार?"
सगळे हसले.
गॉर्डन मागच्या रांगेत होता.
तो बुटांकडे बघत राहिला.

चार विरुद्ध दोन. पहिल्या तारखेपासून बंद.

डिसेंबरचा पहिला शनिवार.
चौफुलीवर बर्फात एक काळा चौकोन,
चौकोनाच्या कडेला आऊने, खुर्चीवर, दोन शाली.
सवयीने आलेले लोक
पिशव्या कुठे ठेवाव्यात ते न कळून
त्या चौकोनातच ठेवत होते,
कडेच्या रेषेवर कोणाचा पाय पडत नव्हता.
दहाच्या सुमारास बेनिसियोचा ट्रक थांबला.
एकतीस मैल शहर, पेट्रोल त्याचं.
मीही एक खोकं आणलं होतं,
जुन्या मसुद्यांचं.
त्याने वरचा गठ्ठा उचलला,
"पिना काढल्यात?"
नव्हत्या काढल्या.
मग ट्रकच्या फळीवर बसून आम्ही पिना काढल्या.
नोव्हेंबरचा कागद त्याच्या हाताला लागला.
'एका नागरिकाने मत मांडले.'
त्याने ती ओळ वाचली, मला वाटतं दोनदा,
पिन सोडवली,
कागद इतरांवर ठेवला, कडा जुळवून.
माझी बोटं थंडीने वळत नव्हती.
पलीकडे आऊने म्हणत होती,
"चार, गॉर्डन. गेल्या आठवड्यात सहा होत्या."

बाक मे महिन्यात आलं.
हिरवं.
पुरवठादाराकडे तपकिरी संपलं होतं म्हणे.
कोणाच्या लक्षात आलं नाही.
इतिवृत्तात ते अजून तपकिरी आहे.