कट्टी

हळदीच्या अडतीवर हमाल विचारतो,
पावती फाडताना गिऱ्हाईक विचारतं,
एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूससुद्धा:
"पोरगी कितवीला?"
मी म्हणतो, अकरा.
"अकरावीला? एवढी मोठी?"
वर्षं अकरा. शाळेत नाही घातली. घरीच शिकते.
मग माणूस पिशवी खाली ठेवून नीट उभा राहतो.
"अन् माणसांत कशी मिसळायची ती?"

हे सांगलीत विचारायचं,
जिथं आपल्या दारातली रांगोळी कुठं चुकली
ते समोरची बाई गॅलरीतनं सांगते.

मिसळते की.
पहाटे घाटावर पोहणाऱ्या पेन्शनरांत
काळ्या केसांची ती एकटीच.
दोन उन्हाळे पाठीला डबा बांधून,
तिसऱ्या उन्हाळ्यात डबा सोडून
कृष्णा ओलांडून परत आली, तेव्हा कोरेकाकांनी
स्वतःच्या टॉवेलनं तिचं डोकं पुसलं
आणि अख्ख्या घाटाला भडंग वाटलं.
गुरुवारी मिरज.
मकबूलचाचांच्या दुकानात आढ्याला भोपळे टांगलेले.
ती टिचकी मारून सांगते,
ह्याची सतार होईल, हा नुसताच भोपळा.
चाचा म्हणतात, निम्म्या वेळा बरोबर असते.
वाचनालयात जुन्या पुस्तकांना खळ लावते,
आणि मंडईत मला
‘ऋजुताचे वडील’ म्हणून
पाव किलोवर चार भेंड्या जास्त मिळतात.

पण एका रात्री, गाद्या घालताना:
"बाबा, कट्टी किती दिवस असते?"
ठरलेलं नसतं गं. का?
"माझ्याशी अजून कुणी घेतलीच नाही.
कोरेकाका घेत नाहीत, चाचा घेत नाहीत.
सगळे नुसतं कौतुक करतात."
बायकोचा हात उशीच्या अभ्र्यातच राहिला.
एवढी माणसं जमवली आम्ही,
भांडायला त्यात एक नाही.

खो-खोला घातली.
पहिला महिना बसायलाच चुकायची.
शेजारणीचं तोंड तिकडं, तर आपलं इकडं,
एवढं साधं, पण घरात कोण असं बसतं?
ढोपरं सोलली. दोन नव्या शिव्या आल्या.
वेणीत माती घेऊन झोपायला लागली.

मग तालुक्याच्या स्पर्धेचा फॉर्म.
रकाना पहिला: शाळेचे नाव.
तळाशी मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का.
चौगुले सरांनी पेनचं टोपण चावलं,
"बघू. क्लबाच्या मॅचेस असतात की."
माझ्या टेबलावर शिक्का एकच आहे:
‘माल तपासून घेतला’.
फॉर्म अजून कपाटावर आहे, मापाखाली दाबलेला.

परवा तिन्हीसांजेला आली,
एक चप्पल उंबऱ्यात, एक अंगणात.
"आफ्रिन बोलत नाही माझ्याशी.
मी म्हटलं तुझ्यामुळं हरलो,
तर म्हणाली, तुला काय, तू तर शाळेतपण नाहीस."
जेवली नाही.
आम्ही दोघं आत गेलो,
नळ मोठा सोडला, आणि हसलो.
मग नळ बंद केला.
‘शाळेतपण नाहीस’ हे काही हसण्यासारखं नव्हतं.

आज अडतीवरून लवकर निघालो,
मैदानाच्या जाळीमागं उभा राहिलो,
बोटं पिवळीच.
आठ जणी ओळीत,
एकीचं तोंड पिंपळाकडं, दुसरीचं रस्त्याकडं.
आफ्रिन पळत येते आहे, ओठ घट्ट मिटलेले.
आणि खेळाचा नियम असा
की नुसता हात लावून चालत नाही.
खो तोंडानं द्यावा लागतो,
मोठ्यानं,
पंचाला ऐकू जाईल असा.

ऋजुताची तिच्याकडं पाठ.
मान ताठ.
एक टाच वर उचललेली.