गुलाबी

पारोळ्याला तहसीलच्या फाटकासमोर
माझं झेरॉक्सचं दुकान.
आज प्रिंटर म्हणतो, गुलाबी संपली.

अरे, मला सातबारा छापायचाय,
त्यात गुलाबी कुठे असते?
काळी गच्च भरलेली,
कानाशी हलवली तर डुचमळते.
तरी याचं एकच, आधी गुलाबी, मग बोला.

बाकावर म्हसव्याचा उखा आप्पा,
त्याला चारची एस्टी धरायचीय.
म्हणतो, "भो, वांगं शे, मिरची शे,
कोथमीर नही म्हनीसन
चुल्हाच पेटस नही, आसं व्हस का कोठे?"

कंपनीला फोन लावला.
मराठीसाठी तीन दाबा.
तीन दाबलं, हिंदी गाणं लागलं.
बावीस मिनिटं तेच कडवं,
मधेमधे बाई सांगायची
तुमचा कॉल आम्हाला फार मोलाचा आहे.

मग एक पोरगा. आवाज कोवळा, दमलेला.
"सर, शाई आमचीच ना? बाहेरून भरलेली नाही ना?"
नाही म्हणालो.
(धुळ्याला भरून आणली होती, दीडशेत.)
"सर, आम्हाला इथून दिसतं."

इथून म्हणजे कुठून, ते विचारायचं राहिलं.
तेव्हापासून त्या खोक्याकडे
पाठ करून बसवत नाही.
भाकर खाल्ली तीही जरा आडोशाला.

आप्पानं टोपी काढली, घाम पुसला.
टोपीच्या घडीत
सोसायटीच्या निवडणुकीचा गुलाल अजून होता.
चिमूटभर पुढे धरून म्हणाला,
"हाई चालई का?"

चारची गेली.
आता साडेपाचची.