हातचं राखून

मार्चचा दुसरा शनिवार. ब्रेकनच्या डोंगरांवरून आलेला वारा
नर्सरीचं प्लास्टिकचं छप्पर धरून हलवत होता.
एम्रिसने खिशातून कागद काढला. त्यावर एकच शब्द: कुंपण.
मागून नवा हमरस्ता गेलाय,
ट्रकांचा आवाज सोसवत नाही म्हणे.
माझ्या भावाला डाव्या कानाने ऐकूच येत नाही,
आणि उजव्याने त्याला हवं तेवढंच.

मला चेरी हवी होती.
फळांची नव्हे, फुलांची.
सिंकसमोरच्या खिडकीतून दिसेल अशी.
पन्नास वर्षं भांडी घासताना
मी त्या खिडकीतून कोळशाची कोठडी बघत आलेय.

डेलिथ नावाची मुलगी, गुडघ्यापर्यंत चिखल,
आम्हाला रांगांमधून नेत गेली.
ही कान्झान, इतकी गुलाबी
की नवरीपेक्षा करवलीच नटावी.
ही आमानोगावा, अंग चोरून उभी, अरुंद अंगणांसाठी.
ही ताइहाकू, पांढरी.
प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी: वीस वर्षांनी उंची इतके मीटर.
एम्रिसने चष्मा कपाळावर सारून वाचलं.
‘वीस वर्षांनी मी पंच्याण्णवचा,’ तो म्हणाला,
‘उंची सहा फूट. खाली.’
डेलिथला हसावं की नाही कळेना.
मी हसले.

मग नळापाशी एक काटकुळी दिसली,
त्या वाऱ्यातही अंगावर अडीच फुलं.
‘ही एकदम नाही फुलत,’ डेलिथ म्हणाली,
‘नोव्हेंबरपासून थोडी थोडी.
ऊन पडलं की चार, गारठलं की थांबते, परत चार.’
हातचं राखून फुलणारं झाड!
आमच्या आईने साखरेचा डबा असाच चालवला.
मी पर्स उघडली.

लॉरेलच्या रांगेत एम्रिसने एक पान खुडलं,
दुमडलं, नाकाशी नेलं.
कडू बदामाचा वास माझ्यापर्यंत आला.
तो नऊ वर्षांचा, मी सात.
मुरंब्याची रिकामी बरणी,
तळाशी पाद्र्याच्या कुंपणातली चेचलेली पानं,
त्यावर एक फुलपाखरू,
पंख उघडावेत की मिटावेत याच्या विचारात पडलेलं.
मग टाचणी, पुठ्ठा, लाल शाईत नाव.
रात्री मी अनवाणी जिना उतरायचे
आणि झाकण सैल करायचे.
काही उडाली. काही नाही.
सहासष्ट वर्षं आम्ही त्याबद्दल बोललो नाही.

‘तशी एकाच घरातली ही दोन्ही,’ डेलिथ सांगत होती,
‘हे लॉरेल म्हणजे चेरीचंच भावंड. बारा महिने हिरवं, एवढंच.
गुरांच्या तोंडी लागू देऊ नका.’
आमच्याकडे गुरं नाहीत, एम्रिस म्हणाला,
आणि ते पान कोटाच्या खिशात टाकलं.

परतताना डिकीत लॉरेलच्या सात कुंड्या.
चेरी आम्हा दोघांच्या मधून आडवी,
शेंडा मागच्या खिडकीबाहेर.
चौकाच्या वळणावर अडीच फुलांची दीड झाली.
एम्रिस समोर रस्त्याकडे बघत म्हणाला,
‘झाकण तूच सैल करायचीस.’
मी त्याच्या डाव्या हाताला बसलेली,
बहिऱ्या कानाच्या बाजूला.
म्हणजे उत्तर त्याला नको होतं.
पुढच्या चढावर, गिअर बदलता बदलता:
‘नंतर नंतर मी पानं कमी घालायचो.’

आता तो बाहेर आहे, हातातल्या काठीने अंतर मोजतोय.
दोन लॉरेलमध्ये एक काठी.
काठी केवढी, ते कुणी मोजलेलं नाही.
चेरीची जागा मात्र मी ठरवणार, इथून, खिडकीतून.
साबणाचे हात काचेपाशी नेऊन मी खुणावते:
डावीकडे. अजून.
अरे, तेवढं नको.
तो फावड्यावर टेकून
माझे हात वाचतोय.
मागून एक ट्रक धडधडत गेला.
त्याने वळूनही पाहिलं नाही.