सोमीचं तोंड

कागदावर तिचं नाव सिल्व्हर मंडे.
महालक्ष्मीला तीनदा धावली, तिन्हीदा शेवटून दुसरी,
मग टेम्पोत उभी राहून, वडखळमार्गे,
अलिबागच्या पुळणीवर उतरली.
आम्ही सोमी म्हणतो.

सुकतीला किल्ल्याकडे गाडी न्यायची म्हणजे
चाकाखाली शेवाळलेला कातळ, घोट्याएवढं पाणी,
मागं सहा माणसं नि त्यांचे मोबाईल.
नेमकी तिथंच सोमी मान वर फेकायची,
तोंड वासायची, जीभ बाजूनं काढायची,
दाढेखाली खडा आल्यासारखी.

धर्मा नाखवा म्हणाला, काटेरी कडियाळं घाल,
दोन दिवसांत सरळ होते की नाही बघ.
खुंटीला आहेच की तुझ्या बापाचं.
आहे.
काढलं, काट्यांवरून अंगठा फिरवला,
परत खुंटीला लावलं.

डॉक्टरीणबाईंनी तिचा ओठ उचलून दाखवला:
पुढचे दात संपलेत, दाढा अजून लांब,
मधे ही बोटभर उघडी हिरडी.
उकडलेल्या अंड्याच्या कवचाआत पापुद्रा असतो ना,
तेवढंच कातडं.
"सगळं लोखंड इथं टेकतं," एवढं म्हणाल्या
आणि स्कूटरला किक मारली.

त्या रात्री तबेल्यामागं
तिचं रोजचं कडियाळं घासून धुतलं
नि स्वतःच्या तोंडात घातलं.
हर्षालीला खुणेनं सांगितलं, ओढ.
ती हसत सुटली. मग ओढलं.
मधला सांधा दुमडून टाळूत घुसला,
दोन्ही पाती जिभेवर मिटली.
अडकित्ता होता तो. मी सुपारी.
आणि ओढत नव्हती तेव्हाही ते गप्प नव्हतं,
सैल कड्या, पोरीचा हात जरा हलला
की लोखंड सरकायचं इकडून तिकडे,
खाऱ्या वाऱ्यानं खरबरीत झालेलं,
चव जुन्या नाण्याची.
माझ्या तोंडाला लगाम नाही असं अख्खं बंदर म्हणतं.
त्या रात्री पाच मिनिटं होता.

रेवदंड्याला याकूबभाई होड्यांचे शाफ्ट घासतो.
त्याला म्हटलं, सांधा नको. एकच दांडी,
मधे जिभेपुरती कमान.
कड्या लोंबत्या नकोत, दांडीतच बसव,
मी शिंकलो तर तिला कळता कामा नये.
"जाडी?"
मी अंगठा दाखवला. जाड म्हणजे मऊ ना?
"तोंड लहान असेल तर जाड म्हणजे नुसती गर्दी.
माप आण."
गेलो परत. सुतळी धरली
ओठाच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.
सोमीनं सुतळी खाल्ली.
दुसरी आणली.

भंगारात निघालेल्या ट्रॉलरच्या शाफ्टचा तुकडा,
स्टेनलेस, गुळगुळीत, मीठ न धरणारा.
मुठीत धरून आधी ऊब दिली त्याला.
ओठाच्या कोपऱ्यात एक सुरकुती पडेल इतकंच वर घ्यायचं,
दोन पडल्या तर घोडी हसल्यासारखी दिसते,
आणि घोडी हसत नसते.
ती चघळत राहिली. चघळत राहिली.
ओठांवर जरासा फेस आला, मग कान आडवे पडले.

शनिवारी, सव्वाचारची सुकती.
अर्ध्या वाटेवर डावं चाक कातळावरून घसरलं
आणि मी, सवयीनं, दोन्ही हातांनी खेचलं.
मान खाली वळली. पाय थांबले.
दांडी जागची हलली नाही,
तेव्हा माझेच हात दिसले मला,
वल्ही मारत असल्यासारखे, उगीच, वरखाली.

येताना फेकली एकदा मान.
गोमाशी होती की मी, सांगता येत नाही.

काटेरी अजून खुंटीला आहे.
धर्मा म्हणतो, भंगारात दे, किलोचा भाव चांगलाय.
बघू म्हणतो.
त्याच्या दुसऱ्या टोकाला बापाची मूठ असायची.
सोमी रोज संध्याकाळी
त्याच्याखालून मान वाकवून आत जाते.