आतली केबिन

सुदामा नगरात नळ दिवसाआड येतो, पहाटे पावणेसहाला.
नाना त्याआधीच बादलीजवळ स्टूल टाकून बसतात,
कान पाइपाकडे.
आधी हवा येते, खोकल्यासारखी.
मग पाणी.
"जलूदहून चढायला वेळ लागतोच," म्हणतात,
जणू कुणी पाहुणा घाट चढून येतोय.

एकतीस वर्षं त्यांनी नर्मदा वर चढवली,
पंप-हाऊसात, कानांत कापसाचे बोळे घालून.
इंदूरला समुद्र नाही.
नदी म्हणून जी आहे
तिच्या पुलावर स्कूटरवाले श्वास रोखतात.
तेव्हा फंडातलं उरलंसुरलं काढून
आम्हा सहाजणांना घेऊन ते जहाजावर निघाले,
मुंबई ते लक्षद्वीप, चार रात्री, बाल्कनीची केबिन.
"वर येतं ते पाहिलं. खाली कुठं जातं
ते एकदा बघू दे."

आईनं लवंगी सेवेची तीन पाकिटं घेतली आणि जिरावणाची पुडी.
पुडी तपासणीत गेली. पावडर म्हणे.

काउंटरवरची मुलगी म्हणाली,
सिस्टीममध्ये आतली केबिन दिसतेय, सर.
मी पावती दाखवली.
ती पावतीकडे बघून गोड हसली
आणि सगळ्यांना केशरी सरबत दिलं.

केबिनमध्ये पडदा होता.
ईशाननं धावत जाऊन ओढला.
मागे भिंत.

दुसऱ्या रात्री नानांना उलट्या लागल्या,
पहाटे आईला, मग शरयूवहिनीला.
दाराखालून चिठ्ठी सरकली: अठ्ठेचाळीस तास बाहेर पडू नये,
मदतीसाठी शून्य दाबा.
मी शून्य दाबला.
संगीत.
आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
संगीत.
मीठ-साखर मागितली,
दोन तासांनी चॉकलेट केक आला, चकचकीत झाकणाखाली.
डॉक्टर दारातच उभे राहिले. सही आधी, नाडी नंतर,
बिल डॉलरमध्ये.
चादरींची वेळ, मॅम, तुमच्या मजल्याची होऊन गेली.
रात्री दोनला एक सडपातळ पोरगा चादरी घेऊन आलाच,
खिशातून दोन लिंबं काढली,
कुणाला सांगू नका म्हणाला.
छातीवरची नावाची पट्टी त्यानं आधीच उलटी लावली होती.

नाना भिंतीला कान लावून पडलेले.
ओठ सुकलेले, डोळे मात्र कामावरचे.
"बेअरिंग गेलंय," म्हणाले. "डावीकडचं. ऐक.
सांग त्यांना."
मी शून्य दाबला. सांगितलं.
"मॅम, ही तक्रार जेवणाबद्दल आहे का?"

समुद्र त्यांना उतरताना दिसला, व्हीलचेअरवरून,
बंदरातला, डिझेलची साय धरलेला,
त्यात एक चप्पल तरंगत होती.
बराच वेळ बघत राहिले.
"हा नव्हे," म्हणाले.

चार महिने झाले.
तक्रारीचा अकरा आकडी नंबर मला
आईला रामरक्षा येते तसा येतो.
नुकसानभरपाई मंजूर आहे:
पुढल्या सफरीवर पंधरा टक्के सूट,
मार्चअखेरपर्यंत, सणवार आणि सुट्ट्या वगळून.
बिल्लोरेजी कुंपणावरून रोज विचारतात,
"तो बाबूजी, समंदर कैसा था?"
"आवाज करता है," नाना म्हणतात. "सर्विसिंग माँगता है।"

आज नळाला नुसती हवा आली.
सहा वाजले, सव्वासहा.
नानांनी पंप-हाऊसला फोन लावला.
पहिल्या रिंगला उचलला कुणीतरी, जुना हाताखालचा असावा,
"साहब, राऊ के पास लाइन फूटी है, दोपहर तक आ जाएगा।"
"ठीक," म्हणाले, आणि स्टूल सावलीत ओढलं.

मग माझ्याकडे वळले. "आता तुझा लाव."
मी लावला. स्पीकरवर ठेवला.
संगीत. आपला कॉल. संगीत.
नाना मान तिरकी करून ऐकत राहिले,
पाइपाकडे ऐकतात तसे.

"हवाच आहे," म्हणाले.
"ठेव."