काळं बोट

डॉक्टरीणबाई, तुम्ही इचारलं
सिव्हिलच्या त्या हिरव्या खुर्चीत मला उताणी घालून,
जबड्यात बॅटरी मारून:
"मावशी, मालकांची दारू सुटली,
मग तुमची मिसरी का सुटंना?"
तोंडात तुमचा आरसा होता.
म्हणून आता सांगती.

त्यांची सुटली तवा गल्ली गोळा झाली.
शाल, नारळ, दत्ताच्या देवळात फोटो.
दारूला दुश्मन लई, बाई.
बायको दुश्मन, पोरं दुश्मन, हप्तेवाला दुश्मन,
दुकानाला शटर, चालीला झोक, वासाचा बोभाटा.
एवढ्यांनी मिळून ओढलं
तर वाघ बी जाळीतनं निघंल.

माझ्या मिसरीशी कुणी भांडलंच न्हाई.
तंबाखूची पुडी तव्यावर भाजली, चुरली, झालं.
डबी कमरंला. डबीला शटर न्हाई.
सासूनं शिकवली, ती बी दाढ ठणकायची म्हणून.
सोडली तर नारळ कोण देणार?

यार्डात मी हळद निवडती.
कांडी एकीकडं, गड्डा एकीकडं, तीस वर्सं.
दोन्ही हात पिवळेधमक, नवरीगत,
उजव्या हाताचं पयलं बोट तेवढं काळं.
मुकादम एकदा हसला,
"तानूबाई, अख्खा हात हळदीचा, एक बोट कुणाचं?"
मी म्हटलं, "ते माझं."

चहातली साखर सोडली की मी, एका सांजंला.
दोन दिस डोकं धरलं, मग इसरली.
गोड जिभंला चिकटलं होतं.
ही चिकटलीया येळंला.

पहाटं चारला, पोरं उठायच्या आत,
मागच्या पायरीवर मी आन् शेजारची हुरमतबी.
दोघींची बोटं तोंडात, दोघी गप.
तेवढ्यात कुणी हाक मारली तर नुसतं "हं."
मिसरी तोंडात असली की बाईला बोलता येत न्हाई,
आन् तिला कुणी बोलवत बी न्हाई.

महापुराचं पाणी माळ्याला लागलं
तवा रेशनकार्ड प्लास्टिकात बांधलं, त्यातच डबी.
नावेत हुरमतबीनं बोट पुढं केलं.
दोघींनी आपापली घरं बुडताना बघितली.
वरडलो न्हाई. तोंड भरलेलं होतं.

खरं सांगू?
ते पिऊन यायचे, रातीला व्हायचं ते व्हायचं.
सकाळी जिभंवर उत्तर तयार, धार लावलेलं.
मी त्याच्यावर मिसरी लावायची,
घासायची, घासायची,
मोरीत थुकायची.
काळं पाणी, त्यात उत्तर.
कृष्णामाईला किती मिळाली असतील, तिलाच ठावं.

बाटली गेली. ते मोकळे झाले.
तिचं बूच माझ्या तोंडात ऱ्हायलं.

तुम्ही म्हटलं लवंग धरा. धरली.
चौथ्या दिशी हुरमतबीच्या तव्याचा वास भिंतीवरनं आला
आन् बोट आपसूक वर गेलं,
झोपलेल्या लेकराचं तोंड थानाकडं जातं तसं.
खाली घेतलं. कसं, ते नका इचारू.

नवव्या दिशी पहाटं ते पायरीवर येऊन बसले.
"एकटीला जड जात असंल," म्हणाले.
भला माणूस हाय आता.
लवंग संपलेली. तोंड रिकामं.
आन् त्यातनं निघालं,
"माझ्या आईनं घातलेलं डोरलं कुठल्या दुकानात गेलं हो?"
आवाज माझाच. मीच दचकले.
ते फरशीकडं बघत बसले, लई येळ.
मग उठून चहा ठेवायला गेले,
माझा बिनसाखरेचा.

आज मोजून तेरा दिस.
बोट अजून काळंच हाय, नखाच्या कडंला.
हळदीत बुडवलं तरी काळं वर येतं.
गोळी द्या, मलम द्या, पायजे तर दाढ काढा.
आन् एवढं सांगा बाई,
ही जी उत्तरं आता यायला लागलीत
ती किती दिस येत ऱ्हातील?